लक्झेंबर्गचे नऊ गृहस्थ



युनियनचे काम करणाऱ्या माणसाने युरोपातल्या कारभाराच्या इतिहासावर व्याख्यान द्यावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशीच थांबले. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, दुसरी पाळी सुटेपर्यंतच्या वेळात. तेव्हा विद्वत्तेचा दावा आम्ही करीत नाही. परंतु आज ज्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे, तो आम्हांला पुस्तकात भेटण्यापूर्वी कारखान्याच्या फाटकावर भेटलेला आहे. एवढ्याच अधिकाराने आम्ही येथे उभे आहोत.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. एका कारखान्यात कराराची बोलणी चालली होती. मध्यरात्र उलटली आणि मालकाच्या बाजूने प्रस्ताव आला: पगारवाढ तुमच्या मागणीच्या जवळपास देतो, पण सही आत्ताच्या आत्ता झाली पाहिजे. आम्ही तिघे होतो. आम्ही सही केली. करार चांगला होता. आजही आम्ही तो चांगलाच म्हणू. सकाळच्या गेट-सभेत तो वाचून दाखविला, तेव्हा मागच्या बाजूने एक वयस्क फिटर उठला आणि म्हणाला, "करार बरा आहे, भाऊ. पण आम्हांला विचारलं कधी?" आमच्या सबंध भाषणापेक्षा त्याच्या त्या एका वाक्याला टाळ्या अधिक पडल्या. त्या वेळी आम्हांला राग आला. पुढे वर्षभरातच व्यवस्थापनाने त्या करारातील एक कलम धाब्यावर बसविले. आम्ही संपाची हाक दिली, आणि निम्मी माणसेही बाहेर पडली नाहीत.

काम लवकर आणि नेटके व्हावयाचे तर ते थोड्या जाणत्या माणसांच्या हाती सोपवावे लागते. ज्यांच्यासाठी ते करावयाचे त्यांची संमती घेत बसले, तर वेळ जातो, फाटे फुटतात, प्रसंगी कामच बुडते. हा पेच गावच्या पाणीपुरवठा समितीपासून सर्वत्र आहे. पण अनेक राष्ट्रांच्या वर एक सत्ता बसवावयाची झाली म्हणजे तो फारच बिकट होतो. कारण तेथे विचारावयाचे कोणाला, येथूनच वादाला आरंभ होतो.

आपल्याकडील कामगार चळवळीलाही हा वाद परका नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तीत सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी बसावयाचे होते. त्याच वर्षी वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या परिषदेस हिंदुस्थानातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले. जोशी हे भारत सेवक समाजाचे. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. पण त्यांना नेमले होते सरकारने. कामगारांचा प्रतिनिधी देशातील प्रातिनिधिक कामगार संघटनेच्या संमतीने निवडावा, असे तहातच लिहिलेले होते, आणि अशी अखिल देशाची संघटना आपल्याकडे तोवर नव्हतीच. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत आयटकचे पहिले अधिवेशन भरले. त्यामागे जी कारणे होती, त्यांत हे एक ठळक कारण होते.

तथापि जिनिव्हाच्या त्या संघटनेला हुकूम सोडण्याचा अधिकार नाही. ती नियम घडविते. ते स्वीकारावे की नाही हे ज्या त्या राष्ट्राने ठरवावयाचे. राष्ट्रांना न विचारता थेट कारखान्याला हुकूम देऊ शकेल अशी राष्ट्रोपरी सत्ता उभी राहिली ती कोळसा आणि पोलाद या दोन मालांपुरती, पश्चिम युरोपात, १९५२ साली. आजची युरोपीय युनियन ही तिचीच वाढलेली शाखा. त्या आरंभाचाच इतिहास आम्ही मुख्यतः सांगणार आहोत. कारण पुढची सारी भांडणे त्यात बीजरूपाने दिसतात.

आरंभ झाला तो गुप्ततेने. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी पॅरिसमध्ये एक निवेदन वाचले. फ्रान्स आणि जर्मनी यांचे कोळशाचे व पोलादाचे सारे उत्पादन एका समाईक उच्च अधिकारमंडळाखाली आणावे, आणि इतर राष्ट्रांनाही त्यात येण्यास मोकळीक असावी, असे त्यात म्हटले होते. १८७० पासूनच्या पाऊणशे वर्षांत ही दोन राष्ट्रे तीन वेळा लढली होती. कोळसा आणि पोलाद म्हणजेच तोफा आणि रणगाडे. ते एका हिशेबवहीत आले की एकाला दुसऱ्याच्या नकळत युद्धाची तयारी करता येणार नाही, हा त्यातला विचार. मसुदा शुमान यांचा नव्हता. तो ज्याँ मोने यांनी मूठभर सहकाऱ्यांना बरोबर घेऊन तयार केला होता. मोने हे कोन्याक गावच्या ब्रँडीच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव, सोळाव्या वर्षी शाळा सोडलेले. (एवढ्यापुरता हा गृहस्थ आम्हांला जवळचा वाटतो, पुढे साम्य काही नाही.) निवडणुकीने मिळणारे कोणतेही पद त्यांनी जन्मात भूषविले नाही. फ्रेंच मंत्रिमंडळाने योजनेला मान्यता दिली ती त्याच दिवशी सकाळी. जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांचा होकार आला तोही त्याच सकाळी. संसद, खाणमालक, कामगार संघटना यांपैकी कोणालाही आधी विचारलेले नव्हते.

आधी विचारले असते तर हे घडलेच नसते, असा मोने यांचा हिशेब होता. तो चुकीचा होता असे आम्हांला म्हणता येत नाही. चार वर्षांनी समाईक सैन्य उभारण्याचा तह फ्रान्सच्या लोकसभेपुढे आला, तेव्हा ३० ऑगस्ट १९५४ रोजी सभेने त्यावर पुरती चर्चाही होऊ न देता तो निकालात काढला. रात्री टेबलावर सही करणाऱ्याची अडचण आम्ही जाणतो.

ब्रिटनलाही निमंत्रण होते. तेथे त्या वेळी मजूर पक्षाचे सरकार होते, आणि १ जानेवारी १९४७ पासून खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झालेल्या होत्या. डरहॅमचे खाणकामगार हे चालवून घेणार नाहीत, अशा अर्थाचे मंत्री हर्बर्ट मॉरिसन यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. इतिहासकार ते संकुचितपणाचा नमुना म्हणून सांगतात. आमचे मत थोडे निराळे आहे. खाणकामगाराला काय वाटेल, हा प्रश्न त्या साऱ्या धामधुमीत निदान एका मंत्र्याला सुचला. अर्थात डरहॅमला जाऊन त्यानेही विचारले नव्हतेच.

फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसच्या तहावर सह्या केल्या. आणि ऑगस्ट १९५२ मध्ये लक्झेंबर्ग शहरी उच्च अधिकारमंडळाचे काम सुरू झाले. सभासद नऊ. आठ जण सरकारांनी एकमेकांच्या संमतीने नेमलेले, आणि नववा त्या आठांनी निवडून घेतलेला. कोणत्याही सरकारकडून आदेश घ्यावयाचा नाही, अशी त्यांची शपथ. हे नऊ गृहस्थ कारखान्यांवर थेट कर बसवू शकत, दंड करू शकत, भाव लपविणाऱ्या कंपनीच्या वह्या तपासू शकत. कराची मर्यादा उत्पादनाच्या मूल्याच्या शेकडा एक एवढी होती. अध्यक्ष अर्थातच मोने.

या नऊ जणांना आवर घालण्यासाठी तहाने काय ठेवले होते? एक न्यायालय होते. सहा सरकारांच्या मंत्र्यांची परिषद होती. आणि ७८ सभासदांची एक समाईक सभा होती. हे सभासद लोकांनी त्यासाठी निवडलेले नव्हते. आपापल्या देशाच्या संसदेतूनच ते पाठविले जात. दोनतृतीयांश बहुमताने ही सभा नऊही जणांना घरी पाठवू शकत असे, पण त्यांच्या जागी कोण यावे हे ठरविणे तिच्या हाती नव्हते. म्हणजे गेट-सभेला सेक्रेटरी काढण्याचा अधिकार, पण नवा सेक्रेटरी नेमणार दुसरेच कोणी! अपेक्षेप्रमाणे हा अधिकार तिने एकदाही वापरला नाही.

आता कामगारांचे स्थान पाहू. उत्पादक, कामगार आणि माल घेणारे यांचे समान प्रतिनिधी असलेली एक सल्लागार समिती होती. त्या काळी फ्रान्समधील आणि इटलीतील सर्वांत मोठे कामगार महासंघ कम्युनिस्टांच्या प्रभावाखाली होते. त्यांचा या योजनेला विरोध होता आणि समितीत त्यांना जागाही नव्हती. दोन्ही देशांतील कम्युनिस्ट खासदारांनाही समाईक सभेत पाठविले जात नसे. विरोध करणाऱ्याला बाहेर ठेवले की सभा शांततेने पार पडते, हा अनुभव आपणां सर्वांना आहे. कामगारांच्या बाजूची जमेची गोष्ट अशी की आठ जणांनी निवडून घेतलेला नववा सभासद हा आपल्यातलाच होता. त्यांचे नाव पॉल फिने. बेल्जियमच्या पोलाद कारखान्यात काम केलेले, तेथील समाजवादी कामगार महासंघाचे सरचिटणीस राहिलेले, आणि १९४९ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र कामगार संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे पहिले अध्यक्ष.

काम झाले, हे मान्य केलेच पाहिजे. फेब्रुवारी १९५३ मध्ये कोळशाचा आणि मे महिन्यात पोलादाचा समाईक बाजार खुला झाला. आठ वर्षांपूर्वी एकमेकांवर बाँब टाकणाऱ्या देशांत जकातीवाचून माल जाऊ लागला. बेल्जियमच्या खाणी जुन्या, खोल आणि खर्चिक. त्यांना सावरता यावे म्हणून स्वस्त कोळसा काढणाऱ्या जर्मन आणि डच खाणींवर पाच वर्षे पट्टी बसविण्यात आली. खाण बंद पडून कामगार रस्त्यावर आला तर त्याला निर्वाहवेतन आणि नव्या धंद्याचे शिक्षण देण्याची सोय तहात होती. निम्मा खर्च अधिकारमंडळाचा, निम्मा त्या त्या सरकारचा. कामगारांच्या घरांसाठी कर्जे मिळाली. संपात जे मिळविण्यासाठी आमच्या लोकांना महिनोन् महिने उपाशी राहावे लागते, त्यातले बरेचसे या नऊ जणांनी कागदावर सही करून दिले.

पण ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेल येथे बुआ द्यु काझिए नावाच्या खाणीत जे घडले, त्याकडे पाहिल्यावाचून हा जमाखर्च पुरा होत नाही. सकाळची आठची वेळ. ९७५ मीटर खोलीवर कोळशाचा एक डबा पिंजऱ्यात नीट न बसता बाहेर डोकावत राहिला, आणि तशातच पिंजरा वर निघाला. डब्याच्या धक्क्याने तेलाची नळी, विजेच्या तारा आणि दाबलेल्या हवेची नळी एकदमच तुटली, आणि आग भडकली. २६२ माणसे मेली. त्यांपैकी १३६ इटालियन होते. हे इटालियन तेथे कसे आले? १९४६ साली इटली आणि बेल्जियम यांच्यात करार झाला होता: इटलीने माणसे द्यावयाची, बेल्जियमने इटलीला कोळसा विकावयाचा. दोन आठवडे वर फाटकाशी बायका ताटकळत उभ्या राहिल्या. बारा-तेरा माणसांवाचून कोणी जिवंत परतले नाही.

या वेळी लक्झेंबर्गचे नऊ गृहस्थ काय करू शकत होते? त्या खाणीतल्या कोळशाचा भाव त्यांना पाहता येत होता, त्यावर कर घेता येत होता, बेल्जियमला मिळणाऱ्या पट्टीचा हिशेब मागता येत होता. पण खाणीत सुरक्षिततेची व्यवस्था काय आहे हे तपासण्याचा अधिकार त्यांना नव्हता. सुरक्षिततेच्या संशोधनाला पैसा देण्याची मुभा तेवढी होती. पगार ठरविणेही त्यांच्या कक्षेबाहेरचेच होते. दुर्घटनेनंतर सहा राष्ट्रांची परिषद बोलावण्यात आली आणि १९५७ साली खाणसुरक्षेसाठी एक कायमची समिती नेमण्यात आली. तिलाही शिफारशी करता येत, खाणीत उतरून हुकूम देता येत नसे. येथे आमचे मत स्पष्टच सांगतो. राष्ट्रोपरी सत्तेला अधिकार जास्त की कमी, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. कोणत्या बाबतीत जास्त आणि कोणत्या बाबतीत कमी, हे ठरविताना टेबलाशी कोण बसले होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मार्सिनेलच्या खाणीत उतरणाऱ्यांना १९५१ साली विचारले असते, तर भावाचा अधिकार आधी द्यावा असे त्यांनी सांगितले असते काय?

खरी परीक्षा १९५८ नंतर आली. तेल स्वस्त झाले, अमेरिकेचा कोळसा येऊ लागला, आणि खाणींच्या तोंडाशी न विकलेल्या कोळशाचे ढीग साठले. बेल्जियमच्या बोरिनाज भागात खाणी बंद करण्याचा निर्णय झाला. फेब्रुवारी १९५९ मध्ये तेथील खाणकामगारांनी संप पुकारला. उच्च अधिकारमंडळाच्या अध्यक्षपदी या वेळी पॉल फिनेच होते. कामगार नेता सत्तेच्या सर्वोच्च जागी, आणि त्याच्याच देशातले खाणकामगार संपावर! तहात अशा वेळेसाठी एक हत्यार ठेवलेले होते. "उघड संकट" जाहीर करावयाचे, आणि मग सहाही देशांत कोणत्या खाणीने किती कोळसा काढावा हे वाटून द्यावयाचे, बाहेरून येणाऱ्या कोळशालाही आवर घालावयाचा. त्याला मंत्रिपरिषदेची संमती मात्र लागत होती. फिने यांनी ती मागितली. मे १९५९ मध्ये फ्रान्स, जर्मनी आणि इटली या तिन्ही मोठ्या राष्ट्रांनी नकार दिला. फ्रान्सचे द गॉल यांना आपल्या खाणींवर परक्या मंडळाचा हुकूम नको होता. जर्मनीच्या सरकारला वाटणीपेक्षा खुला बाजार प्रिय होता. इटलीला कोळसा विकत घ्यावा लागत असल्याने तो स्वस्तच हवा होता. हत्यार म्यानातच राहिले. पुढे बेल्जियमचा कोळसा-बाजारच काही काळ इतरांपासून तोडून निराळा काढावा लागला. म्हणजे समाईक बाजार त्याच्या जन्मदात्या मालातच फुटला.

हा नकार पचविला गेला, याचे कारण आम्हांला कायद्यात सापडत नाही. नकार देणाऱ्या मंत्र्यांना आपापल्या देशात जाब विचारणारा कोणी नव्हता. रूहरच्या किंवा लोरेनच्या खाणकामगाराला लक्झेंबर्गच्या त्या नऊ जणांची नावेही ठाऊक नव्हती; त्यांच्या मागे तो उभा राहील कसा? बोरिनाजचे लोक रस्त्यावर आले ते फिने यांच्या पाठिंब्यासाठी नव्हे, आणि शेजारच्या देशांतले तर आलेच नाहीत. पुष्कळ लेखक कर्तबगारी आणि लोकसंमती ही तराजूची दोन पारडी मानतात. एक खाली गेले की दुसरे वर जावयाचे. सात वर्षे तसेच दिसले, हे खरे. पण गरज पडली त्या दिवशी, ज्या मंडळाला कोणी निवडले नव्हते त्याची कर्तबगारीही संपुष्टात आली. आमच्या त्या कराराची जी गत झाली, तीच येथे झालेली दिसते.

सरकारांनी यातून धडा घेतला तो उलटा. १९५७ च्या रोमच्या तहाने जो आर्थिक संघ निघाला, त्यात "राष्ट्रोपरी" हा शब्द आधीच गाळलेला होता. नव्या आयोगाने सुचवावयाचे आणि मंत्र्यांनी ठरवावयाचे. १९६५ साली आयोगाचे अध्यक्ष वाल्टर हालश्टाइन यांनी संघाला स्वतःचे उत्पन्न आणि संसदेला जास्त अधिकार असे दोन्ही एकदम मागितले, तेव्हा फ्रान्सने सहा महिने आपली खुर्ची रिकामी ठेवली. जानेवारी १९६६ मध्ये तडजोड झाली: ज्या राष्ट्राला एखादी बाब जिव्हाळ्याची वाटेल, तेथे एकमत होईपर्यंत बोलत राहावयाचे. परिणामी पुढे कित्येक वर्षे कारभार मुंगीच्या पावलाने चालला. एक बारीक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. फ्रान्सच्या शेतकरी संघटनांना हा बहिष्कार रुचला नाही, आणि डिसेंबर १९६५ च्या निवडणुकीत द गॉल यांना दुसऱ्या फेरीला सामोरे जावे लागले. राष्ट्रोपरी कारभारासाठी सामान्य मतदाराने आपल्या पुढाऱ्याला चिमटा काढण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग.

"उघड संकट" अखेर जाहीर झाले ते ऑक्टोबर १९८० मध्ये, पोलादाच्या बाबतीत. या वेळी सरकारांनाच ते हवे होते. प्रत्येक कारखान्याला उत्पादनाचे कोटे ठरवून मिळाले, आणि १९८८ पर्यंत ते चालले. धंदा सावरला, पण लाखो नोकऱ्या गेल्या. फ्रान्समधल्या लाँग्वी गावचे पोलाद कामगार १९७९ सालीच रस्त्यावर उतरले होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक झाली आणि शेकडा ६२ मतदारांनी मत दिले. पण कोटे ठरविताना त्या संसदेला हातात मत नव्हते, केवळ मत मांडण्याची सोय होती. पुढे संसदेचे अधिकार तहागणिक वाढत गेले आणि मतदान निवडणुकीगणिक घटत गेले. २०१४ साली ते शेकडा ४३ च्याही खाली आले होते. २०१९ आणि २०२४ मध्ये ते पन्नाशीच्या किंचित वर चढले. लोकांना थेट विचारले तेव्हा काय झाले, तेही सर्वश्रुत आहे. २००५ च्या मे-जूनमध्ये फ्रान्सने आणि नेदरलँड्सने युरोपची राज्यघटना फेटाळली, आणि तिच्यातला बराचसा मजकूर २००७ च्या लिस्बनच्या तहात परत आला. जुलै २०१५ मध्ये ग्रीसच्या शेकडा ६१ मतदारांनी कर्जाच्या अटींना नकार दिला, आणि आठवड्याभरात त्यांच्या सरकारला तशाच अटी पत्कराव्या लागल्या. त्या फिटरने हे ऐकले असते तर काय म्हटले असते, याची आम्हांला कल्पना आहे.

लिस्बनच्या तहात एक लहानसे कलम मात्र नवे होते: दहा लाख नागरिकांनी सह्या केल्या तर आयोगाने त्या विषयाचा विचार करून उत्तर दिलेच पाहिजे. त्याचा पहिला यशस्वी उपयोग केला तो सार्वजनिक सेवांतील कामगार संघटनांनी. पाणी हा हक्क आहे, तो बाजारात नेऊ नका, या मागणीवर २०१२-१३ मध्ये त्यांनी सोळा लाखांहून अधिक सह्या जमविल्या. पाणीपुरवठ्याचे कामगार, नर्सबाया, नगरपालिकांचे नोकर घरोघर, चौकाचौकांत फिरले. ठेके देण्याचा जो कायदा त्या वेळी तयार होत होता, त्यातून पाणी वगळण्यात आले. पिण्याच्या पाण्याचा सुधारित कायदा २०२० साली झाला. गरीब वस्त्यांपर्यंत पाणी पोहोचविण्याविषयी त्यात काही तरतुदी आल्या, पण पाणी हा हक्क असल्याची सरळ घोषणा त्यात नाही. सह्या गोळा करणाऱ्या संघटना त्यावर नाराज राहिल्या, आणि पुढची पत्रके त्यांनी छापावयास घेतली.

कोळसा आणि पोलादाचा मूळ तह पन्नास वर्षांच्या मुदतीचा होता. २३ जुलै २००२ रोजी तो संपला. कोळशाच्या टनाटनावर घेतलेल्या करातून जी पुंजी उरली होती, ती कोळसा आणि पोलादाच्या संशोधनासाठी राखून ठेवण्यात आली. बुआ द्यु काझिए येथे आता संग्रहालय आहे, आणि दरवर्षी ८ ऑगस्टला सकाळी तेथे लोक जमतात.